आत्याचा रक्तगट आणि सत्तर वर्षांचा एक प्रश्न

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात डोहाळजेवण असलं की आत्या पहाटेपासून पुरण शिजवायला बसायची. ओटी भरायची वेळ झाली की मात्र मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून जायची. तिला कुणी हाक मारत नसे. तिचा पहिला मुलगा धडधाकट. पुढची दोन्ही बाळं पिवळीधमक जन्मली आणि चार दिवसांच्या आत गेली, पहिलं 1961 मध्ये, दुसरं 1964 मध्ये. इंदूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात त्याचा अर्थ ठरलेला होता : बाईच्याच पोटात खोट. कितीतरी वर्षांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिचा रक्तगट तपासला, तो निघाला बी निगेटिव्ह. काकांचा पॉझिटिव्ह. ती चिठ्ठी तिने शेवटपर्यंत शिवणाच्या डब्यात जपून ठेवली होती.

आपल्याकडे शंभरात साधारण पाच माणसं आर-एच निगेटिव्ह असतात, म्हणजे त्यांच्या लाल पेशींवर आर-एच नावाचा घटक नसतो. अशा आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ असलं, तर बाळंतपणात त्याचं थोडं रक्त तिच्या रक्तात मिसळतं. तिचं शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं. पहिलं बाळ तोवर जन्मलेलं असतं, म्हणून सहसा वाचतं. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं वारेतून पार होऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. आत्याच्या घरात नेमकं हेच घडलं होतं.

याचा पहिला धागा 1939 मध्ये हाती लागला. न्यूयॉर्कच्या फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेट्सन यांनी एका बाईची हकिगत छापली. मृत बाळ जन्मल्यावर तिला नवऱ्याचं रक्त दिलं आणि तिला भयंकर त्रास झाला. बाळाला बापाकडून मिळालेल्या कशाविरुद्ध तरी आईचं शरीर आधीच तयार झालं असणार, असा तर्क त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी आर-एच घटकाचं वर्णन केलं. इलाज यायला मात्र जवळजवळ तीन दशकं गेली. लिव्हरपूलमध्ये क्लार्क आणि फिन, न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक, असे दोन गट त्यामागे लागले होते. कल्पना साधी होती : बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात आल्या, त्या तिच्या शरीराने दखल घेण्याआधीच बाहेरून प्रतिपिंडं देऊन निकालात काढायच्या. अमेरिकेत या अँटी-डी इंजेक्शनला 1968 मध्ये परवाना मिळाला. आत्याचं शेवटचं बाळ जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

या शोधाने असंख्य बाळं वाचवली. पण त्यासोबत एक चित्रही लोकांच्या मनात घट्ट बसलं, आईचं शरीर म्हणजे बाळावर टपलेला शत्रू. डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. माझ्या मते पुढच्या कितीतरी चुकांचं मूळ या चित्रात आहे.

खरं तर कोडं याच्या उलट होतं. ते नेमक्या शब्दांत मांडलं पीटर मेडावर यांनी, 1953 मध्ये. कातडीचं रोपण शरीर का नाकारतं, याचा अभ्यास करणारा हा माणूस. त्यांचा प्रश्न असा : बाळाचे निम्मे गुणधर्म बापाचे, म्हणजे आईच्या दृष्टीने परके, मग नऊ महिने ते नाकारलं कसं जात नाही? त्यांनी तीन शक्यता सुचवल्या. आई आणि बाळ यांच्यात भिंत असेल, बाळाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा उमटलेल्या नसतील किंवा आईची प्रतिकारशक्ती त्या काळात मंदावत असेल. प्रश्न अचूक होता, पण तिन्ही उत्तरं अपुरी ठरली. गर्भाच्या पेशींवर बापाच्या खुणा असतात. पेशी दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात बाळंतपणानंतर सत्तावीस वर्षांनीही सापडल्याचं 1996 मध्ये नोंदवलं गेलं. आणि गरोदर बाईची प्रतिकारशक्ती काही झोपलेली नसते.

गर्भपिशवीच्या अस्तरात डोकावलं की सारंच वेगळं दिसतं. पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे सत्तर टक्के एनके पेशी असतात. या एनके म्हणजे नॅचरल किलर, जन्मजात मारेकरी. बाळ रुजतं तिथेच मारेकऱ्यांची एवढी गर्दी कशाला? त्या तिथे रस्ते रुंद करत असतात. गर्भपिशवीतल्या बारीक, पिळदार धमन्यांभोवतीचं स्नायूंचं वेष्टण सैल करायला त्या मदत करतात, आणि वारेच्या पेशी पुढे शिरून त्या धमन्यांचे ऐसपैस पाट करतात. तेव्हा कुठे बाळाला संथ, भरपूर रक्त मिळतं. हे काम अर्धवट राहिलं, तर पुढे आईचं ब्लड प्रेशर चढतं, बाळ खुरटतं. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आईच्या या पेशी आणि बाळाच्या खुणा यांच्या काही जोड्यांमध्ये या पेशी पुरेशा चेतत नाहीत, आणि धोका तिथेच जास्त असतो. प्रतिकारशक्ती कामाला न लागणं हाच इथला आजार.

दुसरी बाजू प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींची. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये वेगळ्या ओळखलेल्या टी-रेग पेशींना 2025 च्या नोबेलमुळे घरोघरी नाव मिळालं. त्या काढून टाकलेल्या उंदरिणींचे परक्या वाणाच्या नरापासूनचे गर्भ टिकत नाहीत, स्वतःच्याच वाणाच्या नरापासूनचे टिकतात, हे 2004 मध्ये दिसलं.

आपल्या देशाने प्रतिकारशक्ती उलटीकडून, गर्भ राहू नये म्हणून, वापरून पाहिली. डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने गर्भ टिकवणाऱ्या एचसीजी संप्रेरकाविरुद्ध लस तयार केली. 1994 मध्ये 148 स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रतिपिंडं पुरेशी असताना 1224 मासिक चक्रांत एकच गर्भ राहिला.

शत्रूच्या चित्राने मात्र उपचार भरकटवले. 1980 च्या दशकात वारंवार गर्भ पडणाऱ्या बायकांना नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचायची लाट आली. 1999 च्या मोठ्या चाचणीत पेशी टोचलेल्यांपेक्षा न टोचलेल्यांचीच बाळंतपणं जास्त सुखरूप झाली. खरा उपयोग झाला तो नेमकं कारण सापडलं तिथे. अँटीफॉस्फोलिपिड, म्हणजे रक्तात गुठळ्या करणारी, प्रतिपिंडं असलेल्या 90 बायकांच्या 1997 च्या ब्रिटिश चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर 42 टक्के बाळं हाती आली, सोबत रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन दिल्यावर 71 टक्के.

गेल्या वर्षी माझी भाची तिची जाडजूड फाइल घेऊन आली. दोनदा दिवस राहून गेलेले. वरच्याच पानावर दंडातल्या रक्तातल्या एनके पेशींची मोजणी, आकड्याभोवती लाल गोल, शेजारी महागड्या सलाइनची चिठ्ठी. रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या आणि गर्भपिशवीतल्या वेगळ्या; एकीच्या संख्येवरून दुसरीचं काम कळत नाही. "मावशी, म्हणजे माझंच शरीर बाळाला मारतंय का गं?" तिने विचारलं, तेव्हा मला आत्याचं ओटीच्या वेळी उठून जाणं आठवलं. आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एनकेचं पान उलटलं आणि अँटीफॉस्फोलिपिडची तपासणी लिहून दिली, बारा आठवड्यांनी पुन्हा करायला सांगून. मग रक्तगट विचारला. भाची ओ निगेटिव्ह, जावई पॉझिटिव्ह. आधीच्या दोन्ही वेळी अँटी-डी दिलं होतं का, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.