नाझिया हसन : ध्वनिमुद्रणे आणि लोकप्रियतेचे मोजमाप

नाझिया हसन (३ एप्रिल १९६५, कराची – १३ ऑगस्ट २०००, लंडन) ही पाकिस्तानी पॉप गायिका. भारतीय श्रोत्यांना तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो १९८० च्या 'कुर्बानी' या हिंदी चित्रपटातल्या 'आप जैसा कोई' या गाण्यातून. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढच्या बारा वर्षांत धाकटा भाऊ झोहेब याच्यासह तिचे पाच अल्बम निघाले : 'डिस्को दीवाने' (१९८१), 'स्टार' ऊर्फ 'बूम बूम' (१९८२), 'यंग तरंग' (१९८४), 'हॉटलाइन' (१९८७) आणि 'कॅमेरा कॅमेरा' (१९९२). एवढेच. सगळे लागोपाठ लावले तर एका सुट्टीच्या दिवसात ऐकून संपतील. तिच्या यशाविषयी मात्र आजवर जे आकडे फिरत आले आहेत ते या पाच अल्बमांपेक्षा कितीतरी मोठे आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे. कारण ज्या काळात आणि ज्या बाजारात ही गाणी गाजली, तिथे गाणे किती गाजले हे मोजायचे धड साधनच नव्हते.

'आप जैसा कोई'

नाझियाचे बालपण कराची आणि लंडन असे दोन शहरांत गेले. पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा यांचा 'संग संग चलें' हा मुलांचा कार्यक्रम असे, त्यात ती आणि झोहेब गात. 'कुर्बानी'चे निर्माते-दिग्दर्शक फिरोझ खान यांची तिच्याशी गाठ लंडनमध्ये पडली आणि त्यांनी तिला संगीतकार बिद्दू यांच्याकडे चाचणीसाठी पाठवले. चित्रपटाचे बाकी संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. बिद्दूंचे हे एकच गाणे. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान.

बिद्दू मूळचे बंगळूरचे. तरुणपणी इंग्लंडला गेले आणि तिथे निर्माता म्हणून नाव कमावले. कार्ल डग्लसचे 'कुंग फू फायटिंग' (१९७४) त्यांचेच. तबकडीच्या मागच्या बाजूला काहीतरी हवे म्हणून घाईघाईत उरकलेले ते गाणे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. टीना चार्ल्सचे 'आय लव्ह टू लव्ह' १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिले आले.

'आप जैसा कोई' लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि ते कानाला लगेच कळते. मुंबईत त्या काळी ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत पाच-पन्नास वादक आणि गायिका एकाच वेळी उभे राहत. कोणाचा एक सूर चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. इथे तसे काही नाही. ड्रम आणि बास आधी, त्यावर गिटारची तुटक ओळ, मग सिंथेसायझर, असा एकेक थर चढवलेला. आवाजावरही त्याच मुलीचा आवाज पुन्हा चढवलेला. त्यामुळे तो अनुनासिक, थोडासा अलिप्त स्वर दुहेरी होऊन येतो. लांबून, काचेपलीकडून कोणी गात असावे तसा. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत. लता-आशांच्या गळ्यातली तयारी इथे शोधायला जाणाऱ्याची निराशा होणार हे ठरलेले. पण बिद्दूंना तयारी नकोच होती, त्यांना पोत हवा होता. चालही अशी बेतली आहे की गळ्याला फार कसरत पडू नये, आणि ठेका मात्र शेवटपर्यंत सुटू नये. अनुनासिक उच्चारांमुळे ओळीतल्या 'बात'चा 'बाप' झाला आणि त्या वेळच्या शाळकरी पोरांनी तो मुद्दाम तसाच म्हटला, ही लोकप्रियतेची एक पावतीच.

'कुर्बानी' हा १९८० मधला सर्वाधिक कमाईचा हिंदी चित्रपट ठरला. १९८१ मध्ये नाझियाला या गाण्यासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे फिल्मफेअर मिळाले. हा पुरस्कार मिळवणारी ती सर्वांत लहान गायिका आणि फिल्मफेअर मिळवणारी पहिली पाकिस्तानी. लता मंगेशकर आणि आशा भोसले या दोघींनीही तोवर आपला विचार या पुरस्कारासाठी करू नये असे सांगून टाकले होते, म्हणजे मैदान मोकळे होते, असा एक आक्षेप निघतो. मैदान मोकळे होते हे खरे. तरी मुंबईत बारा-बारा तास रियाज आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या गायिकांची कमतरता नव्हती, आणि पुरस्कार गेला तो लंडनच्या शाळकरी मुलीकडे.

क्रमांक कोण लावणार?

ब्रिटनमध्ये ठरावीक दुकानांतून विक्रीचे आकडे दर आठवड्याला गोळा होत आणि त्यावरून यादी लागे. 'कुंग फू फायटिंग' किती आठवडे पहिले होते हे त्यामुळे आजही सांगता येते : तीन. त्याच निर्मात्याचे हिंदी गाणे आले तेव्हा त्याच्यासाठी अशी कोणतीही यादी भारतात नव्हती.

होती ती 'बिनाका गीतमाला'. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या या कार्यक्रमात अमीन सयानी दर आठवड्याला गाण्यांना 'पायदान', म्हणजे क्रमांक, देत. तबकड्यांच्या दुकानांतून येणारी खपाची माहिती आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते यांची सांगड घालून क्रम ठरे. दुकानात रेकॉर्ड घेणारा आणि तेव्हाच्या बिहारमधल्या झुमरीतलैया गावाहून पोस्टकार्ड टाकणारा, दोघांनाही त्यात जागा होती. पत्रांच्या ढिगातून देशाची आवड हुडकायचा तो खटाटोप आजच्या कोणत्याही चार्टपेक्षा कमी गंभीर नव्हता. पण गीतमाला फिल्मी गाण्यांची. 'आप जैसा कोई'ला तिचे दार उघडे होते. 'डिस्को दीवाने' मात्र कोणत्याच चित्रपटातले नव्हते, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या क्रमवारीच्या ते मुळातच हद्दीबाहेर होते.

त्यात कॅसेट आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रिकाम्या फितीवर गाणी भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली उघडली, आणि चोरट्या प्रतींचा धंदा अधिकृत कंपन्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. एका मूळ कॅसेटवरून किती निघाल्या याचा हिशेब ना कंपनीकडे, ना सरकारकडे. म्हणून नाझियाच्या खपाविषयी लाखांचे, कोटींचे जे आकडे छापले जातात त्यांना चार्टमधल्या क्रमांकाचे वजन देता येत नाही. पश्चिम भारतात तरी गाणे चालले की नाही हे कळायची हुकमी जागा वेगळीच होती : गणपतीच्या मांडवावरचा भोंगा, लग्नाच्या वरातीतला बँड, एस.टी. स्टँडसमोरचे कॅसेटचे दुकान. तिथली क्रमवारी कोणी लिहून ठेवली नाही.

भारतातली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना साप्ताहिक सिंगल्स चार्ट काढू लागली ती २०२१ मध्ये, स्ट्रीमिंगच्या आकड्यांवरून. आणि तोही आधी परदेशी गाण्यांपुरता.

'डिस्को दीवाने'

फिल्मफेअर हाती येत होते त्याच सुमारास बिद्दूंनी पूर्ण अल्बम केला. भारतात तो एच.एम.व्ही.ने काढला. 'डिस्को दीवाने', 'आओ ना', 'लेकिन मेरा दिल', 'कोमल कोमल', 'गाएँ मिलकर' ही त्यातली गाणी; काही चाली झोहेबच्या. शेवटी शीर्षकगीताचीच बिनशब्दांची आवृत्ती आहे, म्हणजे अल्बम नाचण्यासाठी आहे याबद्दल कोणाला शंका उरू नये.

हा निर्णय केवढा धाडसी होता हे आज लक्षात येत नाही. हिंदीत गाणे विकले जाई ते चित्रपटाच्या पाठीवर बसून. नायक-नायिका, पोस्टर, थिएटर यांनी आधी रस्ता करून ठेवायचा आणि मग रेकॉर्ड खपायची. गझल, भजन यांचा स्वतंत्र गिऱ्हाईकवर्ग होता खरा. इंग्रजी पॉप ठरावीक घरांतून वाजे. पण हिंदी-उर्दू शब्दांतले नाचाचे गाणे, कोणत्याही कथेविना, फक्त गायिकेच्या नावावर विकायचे ही गोष्ट या प्रमाणावर झाली नव्हती. वेष्टनावर नट-नटी नव्हते, हसन भावंडे होती. अल्बम भारत-पाकिस्तानात तर चाललाच, पण दक्षिण आफ्रिकेसारख्या भारतीय वस्ती असलेल्या मुलखांतही पोचला.

शीर्षकगीतात शब्दांपेक्षा 'आहा, आहा' हा पुकारा जास्त लक्षात राहतो. ते कच्चेपण नाही. भाषा न समजणाऱ्यालाही पहिल्या फेरीतच गाता यावे यासाठी ती जागा आहे, आणि कराचीपासून दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपर्यंत एकच तबकडी विकायची असेल तर असे दोन अक्षरांचे ध्रुपद कामाला येते.

हिंदी चित्रपटाने यातून काय उचलले ते लगेच दिसले. १९८२ च्या अखेरीला 'डिस्को डान्सर' आला, बप्पी लाहिरींची त्या ठेक्यावर सद्दी सुरू झाली आणि दोन-तीन वर्षे 'डिस्को' हा शब्द नसलेला चित्रपट सापडणे कठीण झाले.

पुढचे अल्बम

'स्टार' (१९८२) हा चित्रपटच होता. विनोद पांडे यांचे दिग्दर्शन, 'लव्ह स्टोरी'मुळे नुकताच प्रकाशात आलेला कुमार गौरव आणि रती अग्निहोत्री. चित्रपट पडला, गाणी उरली. 'बूम बूम'साठी नाझियाला पुन्हा फिल्मफेअरचे नामांकन मिळाले. पुरस्कार 'निकाह'साठी सलमा आगाला गेला. तीही पाकिस्तानशी नाते असलेली आणि लंडनमध्ये वाढलेली, हा योगायोग मजेशीर आहे.

'यंग तरंग' (१९८४) बरोबर गाण्यांचे व्हिडिओही आले. उपखंडात टीव्हीवरच्या संगीत वाहिन्या यायला अजून बरीच वर्षे होती, म्हणजे दाखवायला वाहिनी नसताना हा माल तयार होता. 'आँखें मिलाने वाले' हे त्यातले सर्वांत टिकलेले गाणे. 'हॉटलाइन'पर्यंत (१९८७) येता येता ठेका तोच असला तरी बाजार बदलला होता : पाकिस्तानात नवे बँड येत होते, आणि १९८९ मध्ये पाकिस्तान टेलिव्हिजनच्या 'म्युझिक ८९' या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करताना नाझिया आणि झोहेब यांनी त्याच नव्या पिढीला मंच दिला. अमली पदार्थांविरोधातल्या मोहिमेशी जोडलेला 'कॅमेरा कॅमेरा' (१९९२) हा शेवटचा. आधीच्या अल्बमांचा जोर त्यात नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी नाझियाचे ध्वनिमुद्रण थांबले. मधल्या काळात तिने लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले होते.

न गायलेले आणि पुन्हा आलेले

बिद्दूंनी 'मेड इन इंडिया' हे गाणे आधी नाझियासाठी योजले होते. भारताचा असा उघड गौरव पाकिस्तानी गायिकेने गायला तर मायदेशी लोक दुखावतील म्हणून तिने ते नाकारले. १९९५ मध्ये ते अलिशा चिनॉयने गायले आणि 'इंडीपॉप' नावाची, चित्रपटाबाहेरच्या हिंदी पॉप गाण्यांची, लाटच आली. त्या लाटेला मात्र वाहिन्या होत्या, काउंटडाउन होते, दर आठवड्याचे क्रमांक होते. नाझियाच्या वाट्याला यातले काहीच आले नव्हते.

फुप्फुसाच्या कर्करोगाने पस्तिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. २००२ मध्ये पाकिस्तान सरकारने 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान मरणोत्तर दिला. २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये विशाल-शेखर यांनी 'डिस्को दीवाने' नव्याने बांधले. ठेका नवा, सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांचे गळे नवे, पण ध्रुपदाला त्यांनी मूळ ध्वनिमुद्रणातला सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज तसाच ठेवला, आणि गायकांच्या नावांत नाझिया हसन हेही नाव छापले.