इम्प्लांटजवळच्या हिरडीचं ग्राफ्ट: रुंदी हवीय की जाडी?

"हिरडीचं ग्राफ्ट करायला सांगितलंय" एवढंच घेऊन इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून बसवलेला कृत्रिम दात) असलेले लोक माझ्याकडे येतात, आणि कुठलं ग्राफ्ट विचारलं की उत्तर येतं "टाळूतून काढणार म्हणाले". अहो ग्राफ्ट म्हणजे एका जागचा तुकडा काढून दुसरीकडे लावणं, त्याचे प्रकार दोन, आणि टाळूतून तर दोन्ही काढतात. हे ऐकून ऐकून मला खरंच वैताग आलाय, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

हाडाचं ग्राफ्ट तुम्हाला माहीत असेलच, इम्प्लांटचा स्क्रू बसवायला हाड कमी पडलं की भर घालतात, ते सोडून देऊ. इथे विषय हाडावरच्या मांसाचा. त्यात दोन प्रकार, फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट आणि कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट. पहिल्यात टाळूचा तुकडा वरच्या सालीसकट काढून उघड्यावर शिवतात. दुसऱ्यात सालीखालचा पांढरट चिवट थर तेवढा घेतात आणि तो हिरडीच्या आत सरकवून वरून टाके घालतात. पहिल्याने घट्ट हिरडीची रुंदी वाढते, दुसऱ्याने जाडी. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात "म्हणजे हिरडी भरून येईल ना?" असं विचारतात, म्हणजे घोळ तिथेच राहिला.

आरशासमोर उभं राहून खालचा ओठ पुढे ओढा. दातांलगत फिकट गुलाबी पट्टा दिसेल जो अजिबात हलत नाही, आणि त्याच्या खाली लालसर, चकचकीत, सैल अस्तर, जे ओठाबरोबर ताणलं जातं. तो न हलणारा पट्टा किती मिलीमीटर आहे ती रुंदी. हिरडी आतबाहेर किती जाड आहे ती जाडी. पट्टा छान रुंद पण कागदासारखा पातळ असू शकतो, आणि हिरडी गुबगुबीत जाड पण सगळी हलणारी असंही असतं, एकावरून दुसऱ्याचा अंदाज करू नका.

खऱ्या दाताला हे काही प्रमाणात चालून जातं, कारण हिरडीचे तंतू थेट मुळावरच्या थरात रुतलेले असतात. इम्प्लांटला तसा थरच नाही. तंतू त्याच्या कडेने समांतर आणि गोल फिरतात, आत रुतत नाहीत. त्यात दाताभोवतीच्या लिगामेंटमधून (दात हाडाला बांधून ठेवणाऱ्या तंतूंमधून) मिळणारा रक्तपुरवठाही इथे नाही. त्यामुळे इम्प्लांटच्या काठाला सैल अस्तर आलं की गाल हलला तरी काठ हलतो, ब्रश लागला की झोंबतं, मग माणूस नकळत तेवढी जागा सोडून ब्रश करतो, तिथे घाणीचा थर साचतो, सूज येते, आणि सुजलेली जागा अजून झोंबते. खालच्या दाढांकडे हे जास्त दिसतं, कारण दाढ काढल्यावर हाड झिजतं आणि सैल अस्तर वर सरकून येतं. घट्ट पट्टा किमान २ मिमी असावा असं साधारण धरतात. पण १ मिमी पट्टा आहे, दुखत नाही, साफसफाई उत्तम आहे, सूज नाही, तर मी चाकू लावत नाही, लक्ष ठेवते.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगते. खालच्या दाढेच्या इम्प्लांटला ब्रश दुखतो म्हणून आलेल्या एका बाईंना आधी दुसरीकडे कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट झालं होतं. काम सफाईदार होतं, हिरडी मस्त जाड झालेली. पण मी गाल ओढला आणि ती जाड हिरडी काठासकट इम्प्लांटवरून सरकली! म्हणजे सैल अस्तराखाली उशी भरली होती, अस्तर सैल ते सैलच. त्यांना हवी होती रुंदी, मिळाली जाडी, आणि टाळू दोनदा कापावा लागला. सैल अस्तराखाली थर पुरला की वरची साल घट्ट होईल या भरवशावर राहू नये. हलणारं अस्तर आधी सोडवून खाली सरकवावं लागतं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सालीसकटचा तुकडा हाडावरच्या पातळ पापुद्र्याला न हलेल असा शिवावा लागतो. आणि तो तुकडा नव्या जागीही टाळूसारखाच घट्ट राहतो, कारण वरची साल कशी होणार हे तिला लागून असलेला खालचा थर ठरवतो आणि तो तुकड्यासोबतच येतो, कॅरिंग या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये खालच्या थराचं हे काम दाखवून दिलंय.

उलटी चूकही होते. समोरच्या वरच्या दाताजागी इम्प्लांट, पट्टा भरपूर, फक्त हिरडी पातळ म्हणून इम्प्लांटच्या टायटॅनियम धातूची करडी छटा दिसतेय. इथे सालीसकटचा तुकडा लावला की तो टाळूच्या फिकट रंगाचा राहतो, ठिगळ लावल्यासारखा, आणि हसताना तेच नजरेत भरतं. इथे आत पुरायचं ग्राफ्टच हवं, वरचं कातडं मूळचंच राहतं त्यामुळे रंग जुळतो. समोर सालीसकटचं ग्राफ्ट मला पटतच नाही.

ओळखायचं कसं? रुंदीसाठी मी आयोडीनचं द्रावण लावते. सैल अस्तरात ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं ते तपकिरी होतं, घट्ट पट्टा जवळपास तसाच राहतो, रेघ स्वतः आरशात दिसते. जाडीसाठी हिरडीच्या कडेत बारीक प्रोब (धातूची मोजायची काडी) घालते, धातू आरपार दिसला तर हिरडी पातळ.

बाकी फरक किरकोळ. सालीसकट काढलं तर टाळूवर उघडी जखम राहते, ती भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतला थर काढला तर वरची साल परत शिवता येते म्हणून त्रास कमी. सालीसकटचा तुकडा नंतर बराच आकसतो, म्हणून मुद्दाम मोठा घेतात, पहिल्या आठवड्यात अवाढव्य दिसला तर घाबरू नका. टाळूऐवजी कोलॅजनचं तयार मटेरियलही मिळतं, पण घट्ट पट्टा हवा असेल तर माझी पसंती अजून टाळूलाच.

आणि इम्प्लांटचा धातू उघडा पडलाय, तो ग्राफ्टने पूर्ण झाकला जाईल असं खऱ्या दाताच्या अनुभवावरून धरून चालू नका. इम्प्लांटच ओठाच्या बाजूला फार पुढे बसला असेल तर दोन्हीपैकी कुठलंही ग्राफ्ट तो दोष भरून काढत नाही. हाड झिजत चाललं असेल तर आधी त्याचा इलाज, मग हिरडी.

शेवटी एक विनंती. पहिले दोन आठवडे ओठ ओढून आरशात बघू नका. सुरुवातीचे दोन-तीन दिवस तुकड्यात रक्तवाहिन्या नसतात, खालून झिरपणाऱ्या द्रवावर तो जगतो, आणि त्या काळात एकदा सरकला की नव्याने जोडू पाहणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात.