डोकं आधी, शेपूट शेवटी

टेरोसॉर हे डायनासोर नव्हेत आणि पक्ष्यांचे पूर्वजही नव्हेत. खेळण्यांच्या दुकानात ते डायनासोरांच्याच पाकिटात मिळतात, तो भाग वेगळा. डायनासोरांचे हे उडते चुलतभाऊ. त्यांच्या हाताचं चौथं बोट अफाट लांब असे आणि त्या बोटापासून शरीरापर्यंत ताणलेला कातडीचा पडदा म्हणजे त्यांचा पंख.

जर्मनीतल्या बव्हेरियातल्या चुनखडीत सापडलेल्या टेरोसॉरचं पहिलं वर्णन निसर्ग-अभ्यासक कोलिनीने १७८४ मध्ये केलं. हा उडणारा सरीसृप आहे, हे १८०१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने ओळखलं. पुढे जीवाश्म वाढत गेले, तसे त्यांचे दोन गट दिसू लागले. जुन्यांचं डोकं लहान, मान आखूड, शेपूट लांब, तळहाताचं हाड छोटं आणि पायाचं पाचवं बोट मोठं. नंतरच्यांचं, म्हणजे टेरोडॅक्टिलॉइडांचं, नेमकं याच्या उलट. मधलं कोणीच नाही! दीडशेहून अधिक वर्षं ही पोकळी तशीच होती.

२००९ मध्ये चीनमधल्या डार्विनॉप्टेरस या टेरोसॉरची माहिती प्रसिद्ध झाली आणि अभ्यासक चक्रावले. मधला प्राणी सर्वच बाबतींत मधला असेल, अशी साधारण अपेक्षा. याचं डोकं आणि मान मात्र चक्क नव्या गटाची होती. नाकपुडीचं भोक आणि डोळ्यापुढचं भोक मिळून एकच मोठी खिडकी तयार झालेली. मानेखालचं सगळं शरीर मात्र जुन्या वळणाचं, लांबलचक शेपटीसकट.

मग उरलेलं शरीर कधी बदललं? त्याचं उत्तर पुन्हा बव्हेरियाच्या चुनखडीतूनच आलं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे डेव्हिड होन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये स्किफोसौरा बव्हेरिका ही नवी प्रजाती जाहीर केली. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर, शेपूट आखूड, ताठ आणि टोकदार. या भागातले टेरोसॉर बहुधा दगडात चपटे झालेले सापडतात. याची हाडं मात्र बरीचशी मूळ आकारात टिकली. बारीक तपशील टिपायला अतिनील प्रकाशाची मदत झाली. डोकं-मान नव्या गटासारखी. तळहाताचं हाड डार्विनॉप्टेरसहून लांब. शेपूट आणि पाचवं बोट त्याच्याहून लहान, पण टेरोडॅक्टिलॉइडांइतकी लहान नाहीत. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा डिअर्क हा टेरोसॉर याच वंशवृक्षात डार्विनॉप्टेरसच्या आधी बसला, त्यामुळे मागची पायरीही जुळली.

अशा प्राण्याला ‘हरवलेला दुवा’ म्हणायचा मोह होतो. मला तो शब्द इथे पटत नाही. स्किफोसौरा साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा. खऱ्याखुऱ्या टेरोडॅक्टिलॉइडांचे चीनमधले अवशेष त्याहून सुमारे एक कोटी वर्षं जुने आहेत. म्हणजे हा त्यांचा पूर्वज असूच शकत नाही. मधल्या टप्प्यावरची एक शाखा मागे रेंगाळली आणि सुधारित भाऊबंदांच्या शेजारीच, बव्हेरियाच्या त्याच उथळ समुद्रावर, उडत राहिली.