उपटून काढण्यासाठी जन्मलेली पट्टी

१९४३च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका कामगार बाईने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. बाईचं नाव व्हेस्टा स्टाउट. दोन मुलगे नौदलात, आणि ती स्वतः ग्रीन रिव्हर दारूगोळा कारखान्यात. रायफलमधून ग्रेनेड डागायला लागणारी काडतुसं तिथे खोक्यांत भरली जायची. खोकं कागदी पट्टीने बंद करायचं आणि पाणी शिरू नये म्हणून वरून मेणात बुडवायचं, अशी पद्धत. उघडण्यासाठी पट्टीचं एक टोक मोकळं सोडलेलं असे. ते ओढलं की पट्टी निघून यावी अशी योजना होती, पण कागद इतका पातळ की नुसतं टोकच तुटून हातात यायचं. समोरून गोळ्या येत असताना शिपायाने मेणाचं खोकं नखांनी कुरतडत बसायचं! कागदाऐवजी पाणी न शिरणारी कापडी पट्टी वापरा, असं तिने वरिष्ठांना सांगून पाहिलं. कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून हे पत्र. सोबत आकृत्याही काढून दिल्या.

रूझवेल्टनी ते युद्धसामग्रीच्या उत्पादनावर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे धाडलं आणि काम जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेलं. जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांचा त्यांना आधीपासून अनुभव होताच. त्यातून हिरवट रंगाची जी पट्टी निघाली तीच आजच्या डक्ट टेपची आजी. वर प्लास्टिकचा थर, मध्ये सुती कापड, खाली रबराचा डिंक. कात्री न घेता हाताने फाडता येईल अशी वीण.

ही पट्टी कशासाठी जन्मली, ते इथेच ध्यानात ठेवायला हवं. कोरड्या, स्वच्छ खोक्यावर लावायची, पाणी बाहेर थोपवायचं आणि वेळ आली की एका झटक्यात उपटून काढायची. कायमची चिकटून राहा, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

नावाचा घोळ वेगळाच. जाड सुती कापडाला इंग्रजीत 'डक' म्हणतात. त्याचा बदकाशी संबंध नाही, कापडासाठीच्या डच शब्दावरून ते आलं. (जाड कापडांची नावं अशीच भटकत असतात, मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजांची डंगरी झाली.) महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून अशा कापडाच्या पट्ट्यांना 'डक टेप' म्हणत. युद्ध संपलं, अमेरिकेत धडाक्याने घरं बांधली जाऊ लागली आणि गरम-थंड हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचे, म्हणजे डक्टचे, सांधे बुजवायला ही पट्टी वापरात आली आणि 'डक'ची 'डक्ट टेप' झाली. पत्र्याशी रंग जुळावा म्हणून ती चंदेरी झाली. ही चंदेरी झाक प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या पुडीची असते. पट्टी काही धातूची नसते.

आणि ज्या कामावरून नाव पडलं, त्याच कामात ती नापास झाली. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी डक्टचे सांधे बुजवणारे वेगवेगळे पदार्थ गरम-थंड हवेच्या माऱ्यात तपासले. बाकीचे बहुतेक टिकले. कापडी डक्ट टेप मात्र सुटली. यात नवल नाही. हा डिंक फेविकॉलसारखा सुकून कडक होत नाही, तो कायम घट्ट पाकासारखा राहतो. म्हणून तर दाबताक्षणी पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो आणि धरतो. पण पाक तो पाकच. सतत ओझं टांगलं की हळूहळू घसरतो, तापला की पातळ होतो आणि बरेच दिवस उष्णता खाल्ली की वाळून पोपडे धरतो.

याची सगळ्यात बोलकी परीक्षा चंद्रावर झाली. डिसेंबर १९७२, अपोलो १७. यूजीन सर्ननचा हातोडा अडकून चांद्रगाडीचा मागचा मडगार्ड तुटला. मडगार्डशिवाय चाकं धुळीचे फवारे अंगावर उडवणार, आणि चंद्राची धूळ म्हणजे काचेच्या भुकटीसारखी बोचरी. त्याने टेप लावली, पण मडगार्ड धुळीने माखलेला. गाडी चालली आणि जोड सुटला. मग यानात परतल्यावर सर्नन आणि हॅरिसन श्मिट यांनी चार नकाशे त्याच टेपने एकमेकांना जोडले आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा मडगार्डला चिमट्यांनी आवळला. ते टिकलं. म्हणजे यानाच्या आत टेपने काम केलं, बाहेर धुळीत चिमट्यांनी. चंद्राच्या वाटेवर बिघडलेल्या अपोलो १३च्या सुटकेची गोष्ट सांगताना लोक टेपचे गोडवे गातात, आणि ते खरंही आहे. एप्रिल १९७०मध्ये श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे चांद्रयानाच्या गोल जागेत बसेनात, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटची नळी आणि टेप यांवर जीव वाचले. पण तिथे पृष्ठभाग कोरडे होते, वजन असं काही नव्हतंच, आणि जोड टिकायचा होता जेमतेम काही दिवस.

आपल्या घरात नेमकं उलटं घडतं. फाटलेली ताडपत्री, व्हॅक्यूम क्लीनरची चिरलेली नळी, प्रवासात दगा दिलेली बॅग, इथे ही पट्टी झकास चालते. आपण मात्र ती गळक्या पाइपवर गुंडाळतो. मीही गुंडाळली होती, चांगले सहा वेढे. ओल्या पाइपवर डिंकाला धरायला जागाच नव्हती; पाणी वेढ्यांच्या आतून वाट काढत पलीकडच्या टोकाने ठिबकू लागलं. विजेच्या उघड्या तारेवरही ती लावू नये, त्यासाठी काळी इन्सुलेशन टेप वेगळी मिळते. गॅसच्या नळीचं तर नावच नको.

शेवटी प्लंबर आला. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, ताणून ताणून पाइपवर आवळली, वरून तार पिळली आणि म्हणाला, "पाइप बदलेपर्यंत चालेल." ट्यूबला डिंक नव्हताच. गळती मात्र थांबली. माझ्या सहा वेढ्यांचा चिकटा पाइपवरून काढायला पुढे खोबरेल तेल घेऊन अर्धी दुपार गेली.