सायमल आणि सल्लामसलतीचा डाव: क्लबात नेमकं काय ठेवायचं?

बुद्धिबळातले एखादे ग्रँडमास्टर किंवा आंतरराष्ट्रीय मास्टर रविवारचे तीन तास द्यायला तयार होतात आणि क्लबात लगेच ठरतं, ‘सायमल ठेवू या’, म्हणजे एकाच वेळी अनेक पटांवर अनेकांशी वेगवेगळे डाव. सदस्यांना खूप शिकायला मिळेल, असंही जाहीर होतं. पण शिकणं हाच हेतू असेल तर ठेवायला हवा तो कार्यक्रम बहुतेक वेळा वेगळा असतो. तो म्हणजे सल्लामसलतीचा डाव. यात तीन-चार सदस्य मिळून विचार करतात आणि पाहुण्यांविरुद्ध एकच डाव खेळतात. दोन्हींत एका बाजूला एक बलाढ्य खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळ माणसं असतात, म्हणून एकाचे नियम दुसऱ्याला लावले जातात आणि दुपार वाया जाते.

सायमलमध्ये वीस सदस्य वीस वेगळे डाव खेळतात. मास्टर एका पटावरून दुसऱ्या पटाकडे फिरत असतात. सदस्याला शेजाऱ्याशी बोलायची मुभा नसते, म्हणजे गर्दीत बसूनही तो एकटाच खेळतो. सल्लामसलतीत पट एकच आणि बोलणं हाच खेळाचा भाग.

शिकण्याच्या दृष्टीने खरा फरक वेळेचा आहे. तेव्हाचा विश्वविजेता कापाब्लांका याने १९२२ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये १०३ पटांवर सायमल दिली, १०२ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. सुमारे सात तास लागले, म्हणजे एका डावाच्या वाट्याला सरासरी चारच मिनिटं आली. इतक्या वेळात मास्टर खोल गणित करत नाहीत. ओळखीची मांडणी दिसली की हात चालतो, जोखीम टाळली जाते आणि सदस्याच्या चुकीची वाट पाहिली जाते. सदस्याला आपली चूक कुठे झाली ते कळतं. मास्टरनी कोणत्या चाली पाहिल्या आणि का नाकारल्या, हे मात्र कळत नाही, कारण त्या पाहायला त्यांना वेळच नव्हता.

तरीही सायमलला स्वतःची जागा आहे. पंचवीस मुलांना एका दुपारी ग्रँडमास्टरसमोर बसवायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

सायमलची मांडणी

वीस पटांसाठी टेबलं यू आकारात लावावीत, बाजूंना सात-सात आणि मध्ये सहा. स्पर्धेचा पट साधारण ५० सेंटिमीटरचा असतो, पण दर खेळाडूला ८० ते ९० सेंटिमीटर धरा. त्यापेक्षा कमी ठेवलं की कोपर शेजारच्या पटाला लागतं आणि प्यादी घसरतात. आतल्या बाजूला मास्टरना फिरायला दीड मीटर मोकळी जागा हवी. पांढरी मोहरी सगळीकडे आतल्या बाजूला ठेवा. काही पटांवर काळी द्यायचीच असतील तर यूची एक अख्खी बाजू काळी ठेवा. एक पट पांढरा, एक काळा असं केलं की फिरताना गोंधळ ठरलेलाच. चांगले खेळाडू एका कोपऱ्यात बसवू नका. ते विखुरलेले असले की फेरी एका ठिकाणी तुंबत नाही.

एका पटासमोर आठ-दहा सेकंद आणि पुढे सरकायला दोन-तीन धरले तर वीस पटांची फेरी चार मिनिटांच्या आसपास होते. डाव संपत जातात तशा फेऱ्या लहान होतात. एकूण दोन ते अडीच तास पुरतात.

सदस्याने चाल मास्टर समोर आल्यावरच करायची, आधी नाही. हा नियम शिष्टाचाराचा वाटतो, पण त्याचं कारण व्यावहारिक आहे. मास्टर वीस मांडण्या लक्षात ठेवून फिरत असतात. कोणतं मोहरं हललं ते डोळ्यांसमोर घडलं नाही तर त्यांना पट नव्याने वाचावा लागतो. वाट पाहताना मोहरी हलवून विश्लेषण करणं पूर्ण बंद. परत ठेवताना उंट एक घर इकडेतिकडे होतो आणि मग वाद सुरू होतो. म्हणून चालींची नोंद सक्तीची ठेवा. मोबाइल दारातच जमा करून घ्या.

सर्वांत जास्त हाल शेवटच्या तीन-चार पटांचे होतात. सुरुवातीला विचाराला चार मिनिटं मिळत होती, आता फेरी अर्ध्या मिनिटात परत येते, आणि तीही नेमकी अवघड अंत्यखेळात. दोन तास नेटाने लढलेला सदस्य दहा मिनिटांत कोसळतो. यावर उपाय आधीच जाहीर करावा. प्रत्येकाला तीन ‘पास’ द्या, म्हणजे मास्टर समोर आले तरी चाल पुढच्या फेरीवर ढकलायची मुभा, आणि पाच किंवा कमी पट उरले की दर चालीला किमान एक मिनिट द्या. मास्टरना हे आमंत्रण देतानाच सांगा. ऐन वेळी सांगणं बरं दिसत नाही.

सल्लामसलतीचा डाव

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८५८ सालचं आहे. पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी ब्रुन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळला आणि वजिराचा बळी देऊन १७व्या चालीला त्याने हत्तीने मात केली. हा डाव नवशिक्यांना मॉर्फीच्या बाजूने शिकवला जातो. संयोजकाने तो जोडीच्या बाजूनेही पाहावा. दोन डोकी होती, तरी मोहरी घरातच अडकून राहिली. माणसं वाढवल्याने खेळ आपोआप सुधारत नाही, सल्ल्याला पद्धत लागते.

गट तीन किंवा चार जणांचाच ठेवा. पाचवा माणूस बहुधा प्रेक्षक होतो. गटातल्या सर्वांत वरच्या आणि खालच्या रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या गुणांकात, ३०० ते ४०० पेक्षा जास्त अंतर नको. २००० वाला १३०० वाल्यांबरोबर बसला की तो खेळतो आणि बाकीचे मान डोलावतात. गटाला वेगळी खोली द्या, कारण मास्टरनी चर्चा ऐकली तर डावात अर्थ उरत नाही. दोन्ही खोल्यांत एकेक पट हवा आणि चाल चिठ्ठीवर लिहून नेणारा एक निरोप्या. तोंडी निरोप नको. घोडा दोन ठिकाणांहून एकाच घरात जाऊ शकत असेल तर तोंडी निरोपात हमखास घोळ होतो.

वेळ समान नसावा. गटाला ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा, मास्टरना ३० मिनिटं आणि तेवढेच सेकंद. चाळीस चालींना मिळून १३० मिनिटं होतात आणि तीन तासांतली ५० मिनिटं विश्लेषणाला उरतात. ही ५० मिनिटं कापू नका. सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठीच आहे.

गटाची पद्धत अशी ठेवा. आधी एक मिनिट पूर्ण शांतता, आणि प्रत्येकाने आपली चाल कागदावर लिहायची. सगळ्यांची एकच आली तर लगेच खेळा. वेगळ्या आल्या तर सर्वांत कमी रेटिंगच्या सदस्याने पहिलं बोलायचं आणि आपल्या चालीवर प्रतिस्पर्ध्याचं कोणतं उत्तर खुपतं तेही सांगायचं. बलवान खेळाडूने शेवटी बोलायचं. मग मत घ्या. समसमान झालं तर कर्णधार ठरवेल, आणि कर्णधार दर दहा चालींनी बदलेल. चर्चा सहा मिनिटांच्या पुढे नको, फक्त पूर्ण डावात दोन वेळा लांब विचाराची मुभा ठेवा. चर्चेत मोहरी हलवू देऊ नका. मनात पाहण्याचा सराव हा या डावाचा निम्मा फायदा आहे. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, आठवडाभर आधी ठरवून ठेवा, नाहीतर चौथ्या चालीलाच वीस मिनिटं जातात.

चुका ठरावीक प्रकारच्या होतात. पहिली, योजनेची धरसोड. एक चाल एकाच्या मनाप्रमाणे राजाच्या बाजूला, पुढची दुसऱ्याच्या समाधानासाठी वजिराच्या बाजूला, आणि पाच चालींत मोहऱ्यांचा मेळ सुटतो. दर पाच चालींनी योजना एका वाक्यात लिहायला लावा, ती बदलायची तर सर्वांच्या संमतीने. दुसरी चूक जास्त महाग पडते. गट घाबरला की मारामारी करून मोहरी कमी करत सुटतो, बरोबरी जवळ येते असं वाटतं म्हणून. पण अंत्यखेळातच मास्टर आणि क्लब सदस्य यांच्यातली दरी सर्वांत रुंद असते.

एक नोंदणी करणारा सदस्य नाकारलेल्या चालीही लिहीत राहील, कारणासह. मास्टरनाही विनंती करा की दर चालीला गटाकडून अपेक्षित उत्तर ते कागदावर टिपतील. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले की कळतं, गट कशाला घाबरला होता आणि मास्टरना प्रत्यक्षात कशाची काळजी वाटत होती. हे दोन्ही क्वचितच जुळतं, आणि नेमका तिथेच धडा असतो.

एका मास्टरविरुद्ध चार-चारचे तीन गटही चालतात. बारा सदस्य सामावतात. मात्र तेव्हा मास्टरनाही साठ मिनिटं द्यावी लागतात आणि कार्यक्रम साडेतीन तासांवर जातो.

मधले दोन प्रकार

घड्याळी सायमलमध्ये प्रत्येक पटावर घड्याळ असतं आणि मास्टर क्रमाने फिरायला बांधलेले नसतात. हा चार ते सहा तयारीच्या खेळाडूंसाठीचा प्रकार आहे. वीस पटांवर तो ठेवला तर मास्टरची वीसही घड्याळं एकाच वेळी चालू शकतात. ९० मिनिटं आणि चालीला ३० सेकंद दिले तरी, सगळे झटपट उत्तर देत राहिले तर, चालीमागे आठ सेकंदच उरतात.

मतदानाचा डाव ऑनलाइन चालतो. त्यात एका बाजूची प्रत्येक चाल अनेकांच्या मतांनी ठरते. १९९९ साली तेव्हाचा विश्वविजेता कास्पारोव्ह विरुद्ध जग हा डाव चार महिने चालला आणि कास्पारोव्हने तो ६२ चालींत जिंकला. तो इतका लढतीचा झाला त्यामागे मोठं कारण होतं ते चार तरुण सल्लागारांचं विश्लेषण. विशेषतः पंधरा वर्षांच्या इरिना क्रशने दहाव्या चालीला सुचवलेली वजिराची नवी चाल जगाने उचलली. २०२५ मध्ये माजी विश्वविजेता कार्लसनला १,४३,००० हून अधिक जणांनी ३२ चालींत बरोबरीत रोखलं. क्लबाने व्हॉट्सअॅप गटावर असं काही करायचं तर दिवसाला एक चाल ठेवा, मतासोबत एक ओळ कारण मागा, आणि कारण नसलेलं मत मोजू नका.

मास्टरना पाठवायच्या निरोपात पाच गोष्टी हव्यात. डावाचा प्रकार, पटांची किंवा गटांची संख्या, सदस्यांची रेटिंग, रंग आणि घड्याळाची वेळ. विश्लेषणासाठी थांबणार का, हेही त्याच निरोपात विचारून घ्या. तो वेळ मिळणार नसेल तर सल्लामसलत ठेवू नका, सरळ सायमल ठेवा.