वाड्यांची जुनी नावं आणि कोकणातल्या घराण्यांचा शोध : पार्श्वभूमी

पणजोबांचं नाव ठाऊक, आडनाव ठाऊक, तालुकाही ठाऊक, आणि तरी दप्तरात हाताला काही लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या घरांची ही अडचण जुनीच आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, हजारो पानं स्कॅन झाली, तेव्हा ती नव्यानं जाणवू लागली. 'गणू बिन रामा' अशी नोंद सापडते, पण तो गणू आपला की शेजारच्या वाडीतला? त्या काळात एकाच गावात तीन गणू असणं काही नवलाचं नव्हतं आणि त्यातल्या दोघांच्या बापाचं नाव रामा असणंही नव्हतं. याचा निवाडा कागदावर होत नाही. तो वाडीतल्या चार म्हाताऱ्या माणसांच्या एकत्र आठवणीवर होतो. ही आठवण मात्र सगळ्यांची मिळून असावी लागते. एकट्याची घरगुती आठवण इथं पुरत नाही.

गावाच्या सामाईक आठवणीला पुरावा मानायची रीत आपल्याकडे नवी नाही. सतराव्या-अठराव्या शतकात वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, तंटा उभा राहिला की भाऊबंद-गावकऱ्यांची गोतसभा बसे, वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे हकीकत, सांगत, शेजारच्या गावांचे पाटील आणि बलुतेदार साक्षी देत आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगर आणि बलुतेदाराच्या नावापुढे त्याच्या हत्याराची निशाणी असे. घराण्याची थोरली शाखा कोणती आणि धाकटी कोणती, हे अशा साक्षींवरून ठरल्याचे कागद आजही वाचायला मिळतात. पुढे इंग्रजी अमलात मोजणी झाली, १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली आणि साक्षीची जागा नोंदीनं घेतली. नोंद मात्र जमिनीची झाली. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती ते खोताचे (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचे) कूळ, बलुतेदार आणि गावकुसाबाहेरची माणसं कागदावर आलीच तर कडेला आली, म्हणजे 'इतर हक्क' किंवा कुळाच्या रकान्यात, कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत), नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरात.

कोकणाचा खरा गुंता मुंबईमुळे झाला. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरीतलं क्वचितच एखादं गाव असं उरलं असेल, जिथला एकही माणूस गिरणीत, गोदीत किंवा घरकामाला नव्हता. माणसं गावानुसार राहत. परळ, लालबाग, डिलाइल रोड, शिवडी इथल्या चाळींत 'गावची खोली' असे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपत आणि प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीला लागलेली असे. खोलीचा जमाखर्च, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आणि मयताला दिलेली मदत गावकरी मंडळाच्या वह्यांत लिहिली जाई. गोव्याच्या माणसांचे मुंबईतले 'कूड' याच धर्तीवर गावागावांचे होते. घराण्याच्या शोधात या वह्यांकडे फार थोडे जण वळतात. वर्गणी उंबऱ्यागणिक लावलेली असते, त्यामुळे एखाद्या घराची दोन घरं कोणत्या साली झाली हे त्यात दिसतं. सातबाऱ्यावर तीच वाटणी पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी चढते किंवा चढतच नाही.

मुंबईला गेल्यावर नावं बदलली. एका भावानं कुळाचं आडनाव ठेवलं, दुसऱ्यानं गावाच्या नावाला 'कर' लावला, असे प्रकार सर्रास झाले. गावात ज्याला बाबल्या म्हणत तो शाळेत यशवंत झाला. गावाशी संबंध तुटलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे मग एखादीच खूण उरते, उदाहरणार्थ आजोबा बोटीनं जात आणि अमुक बंदरात उतरत. हीसुद्धा कामाची खूण आहे. बाणकोट म्हणजे सावित्रीचं खोरं, दाभोळ म्हणजे वाशिष्ठी, जयगड म्हणजे शास्त्री. दाभोळला उतरून गोवळकोटपर्यंत पडावानं जात असतील, तर गाव चिपळूणच्या आसपास शोधायचं. बंदरापासून पायी किती वेळ लागे आणि वाटेत नदी उतरावी लागे का, एवढं जरी कुणाला आठवलं, तरी शोध दहा-पंधरा गावांवर येतो.

यापुढचं कोडं वाडीचं आहे. महसुली दप्तर मौजे, म्हणजे महसुली गाव, ओळखतं, वाडी ओळखत नाही. माणसं मात्र वाडी सांगतात. एका मौजात सहा ते पंधरा वाड्या असतात, दोन-तीन मौजांची मिळून एक ग्रामपंचायत असते आणि पोस्ट चौथ्याच गावचं असतं. 'मु. पो.' म्हणून घरात पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं नाव बऱ्याचदा पोस्टाचं असतं आणि त्या नावाच्या मौजात आपल्या घराची एकही नोंद नसते. म्हणून पहिला प्रश्न वाडीचा असतो, आणि वाडीची नावं एकदा नव्हे, थरांनी बदललेली आहेत.

१९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक महारवाड्यांनी स्वतःच बौद्धवाडी हे नाव घेतलं. काही वाड्या पुढे देवळाच्या किंवा डोंगराच्या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, बौद्धवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत, असं ठरलं.

या निर्णयावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. काहींचं म्हणणं, नावं बदलून जात जात नाही, उलट कुणी काय सोसलं याचा पुरावा पुसला जातो. सुतारवाडी, गुरववाडी अशा नावांबद्दल तिथल्याच लोकांनी विचारलं, यात कमीपणा काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं साधं आणि आमच्या मते बिनतोड आहे. नोकरीच्या अर्जावर, पाकिटावर, शाळेच्या हजेरीपटावर पत्ता लिहिताच जात जाहीर व्हावी, हे कुणाच्याही वाट्याला येता कामा नये. इतिहासाच्या सोयीसाठी माणसानं अपमानाच्या पत्त्यावर राहावं, अशी मागणी कोणताही अभ्यासक करू शकत नाही. निर्णय योग्यच होता.

चुकलं ते पुढचं काम. नाव बदललं, पण जुन्या नावाची नव्याशी सांगड घालणारा तक्ता ठेवणं अनेक गावांत कुणाला सुचलंच नाही. जमिनीच्या बाबतीत हा शहाणपणा सरकारी दप्तरानं पूर्वीच दाखवला होता. १९४७ च्या कायद्याखाली जिथं जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथं जुना नंबर कोणता आणि नवा कोणता हे जुळवणारे उतारे केले गेले. ते नसते तर आज १९३० च्या फेरफारातली (हक्कबदलाच्या नोंदीतली) जमीन कोणती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वाडीबाबत नेमकी तीच स्थिती होऊ घातली आहे. एका तालुक्यात पाच समतानगरं होतात आणि १९३१ च्या शाळा रजिस्टरातलं वाडीचं नाव त्यातल्या कोणत्या समतानगराचं, हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. याचा सर्वाधिक फटका ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांनाच बसतो. खोताच्या घराण्याला सनदा असतात, फेरफार असतात, छापील कुलवृत्तांतही असतो. गावकुसाबाहेरच्या घराला १९५८ च्या कायद्यानं गेलेल्या कनिष्ठ (गावकामाच्या) वतनाचा एखादा कागद, कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर एवढाच आधार असतो, आणि तिथवर पोचायची वाट वाडीच्या जुन्या नावावरून जाते.

जुनी नावं फार नेमकी होती, असंही समजू नये. महारवाडा गावोगाव होता, काही गावांत वरचा आणि खालचा असे दोन होते. म्हणून तक्त्यात नुसतं जुनं नाव पुरत नाही. आजचं नाव, आधीची सगळी नावं, नाव कागदावर कधी बदललं, महसुली मौजे, वाडीखालच्या जमिनीचा सर्व्हे किंवा गट नंबर, वाडीचा पाणवठा आणि देवस्थान, १९५० च्या सुमाराची घरं त्यांच्या कर्त्या माणसांच्या नावांसह, आणि माहिती कुणी दिली, एवढं हवं. एका वाडीला एक फुलस्केप पान पुरतं.

ही माहिती गोळा करायला शिमगा आणि गणपती हे दोन मोसम, कारण मुंबईची माणसं तेव्हा गावात असतात. पाच ते सात जण पुरेत, पण ते तीन गटांतले हवेत. गावात राहिलेले, मुंबईला गेलेले आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली. माहेरवाशिणींना सहसा कुणी विचारत नाही, पण त्यांचीच आठवण सर्वांत साफ असते. त्या सोळा-सतराव्या वर्षी वाडी सोडून गेल्या, नंतर झालेल्या वाटण्या आणि नव्या घरांची त्यात भेसळ झालेली नसते. प्रत्येकाला आधी वेगवेगळं विचारावं, मग एकत्र बसवावं. आधीच एकत्र बसवलं तर वयानं किंवा मानानं मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

खाकी कागद पसरून आधी विहीर आणि देऊळ काढावं, मग पाणंद, मग घरं. 'कोण कुणाचा?' हा प्रश्न शेवटी विचारावा, कारण त्यात जमिनीचे तंटे जागे होतात. त्याऐवजी पालखीचा क्रम विचारावा. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते तो क्रम ठरलेला असतो आणि तो बहुतेक ठिकाणी थोरल्या घरापासून सुरू होतो. शेजारचं घर सोडून पालखी लांबच्या घरी आधी जात असेल, तर ते लांबचं घर त्याच भावकीचं आणि मानानं वरचं, असा तर्क बांधता येतो. दुसरी खूण सुतकाची. कोणाच्या मयताचं दहा दिवस पाळतात आणि कोणाचं तीन, यावरून जवळची भावकी आणि दूरची भावकी वेगळी होते. दोन्ही खुणा कागदाकडे नेणाऱ्या आहेत, त्या स्वतः पुरावा नव्हेत. मान विकत घेतलेला असतो, दत्तक झालेलं असतं, भांडणातून सुतक तुटलेलं असतं.

सालं कुणाला आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. १८९६ चा प्लेग, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ), १७ जुलै १९४७ ला बुडालेली रामदास बोट, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप. 'भूकंपाच्या वेळी आजी पोटुशी होती' या एका वाक्यावरून जन्मसाल १९६८ वर येतं. शाळेच्या दाखल्यावरच्या १ जून या तारखेपेक्षा ते जास्त भरवशाचं असतं. शाळा जूनमध्ये भरे आणि जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाला गुरुजी १ जूनच लावत.

कागदाकडे वळताना सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला आकडा पाहायचा. तो फेरफाराचा क्रमांक. वारसाचा फेरफार मागवला की सगळ्या वारसांची नावं नात्यासह मिळतात, आणि त्यावरून मागचा फेरफार, मग त्याच्याही मागचा. बहिणींची नावं जुन्या उताऱ्यांत 'इतर हक्का'त असतात. १९५० च्या दशकाआधीचा कागद मोडी लिपीत असण्याची शक्यता धरून चालावं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळे परगावचा मोडी वाचक माणसांची नावं बरोबर लावतो आणि वाडीच्या नावात चुकतो. वाचनाला देताना वाडीच्या सगळ्या नावांची यादी सोबत द्यावी, म्हणजे चुका पुष्कळ कमी होतात. बायकांचा माग लागत नसेल तर त्यांना वाडीत कोणत्या गावच्या नावानं हाक मारत, हे विचारावं. देवरुखकरीण म्हटलं की देवरुखकडचं कोतवाल बुक आणि शाळा बघायची. लग्नात नाव बदललेलं असलं तरी माहेरचं गाव बदलत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजानं. आठवणीत दोन रामा एकमेकांत मिसळतात आणि एक पिढी गळते. बाप आणि मुलगा यांत पन्नासहून जास्त वर्षांचं अंतर आलं, तर मध्ये कुणीतरी राहिलंय असं समजून पुन्हा विचारावं. वंशावळीत कागदावरून आलेलं नाव शाईनं, आठवणीतलं पेन्सिलीनं लिहावं आणि अंदाजापुढे प्रश्नचिन्ह ठेवावं. पेन्सिलीचं नाव परस्पर शाईचं झालं की पुढची पिढी त्यालाच पुरावा मानते, आणि जात पडताळणीच्या वेळी ते नाव टिकत नाही.

तयार पानाच्या तीन प्रती कराव्यात. एक ग्रामपंचायतीत, एक गावच्या शाळेत, एक मुंबईच्या मंडळाकडे. त्यात माहिती देणाऱ्यांखेरीज जिवंत माणसाचं नाव घालू नये, घरांच्या बाबतीत १९५० ला थांबावं. जुनं जातिवाचक नाव या पानापुरतंच राहू द्यावं. ते पाटीवर, निमंत्रणपत्रिकेवर किंवा वाडीच्या व्हॉट्सॲप गटात परत आणू नये. वाडीचं नाव यापुढे पुन्हा बदललं, तर ठरावाचा क्रमांक आणि तारीख त्याच पानाखाली लिहावी आणि तिन्ही प्रतींवर लिहावी.