श्रॉपशरमधील कोळसा-लोखंडाची गावे

इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सला लागून असलेल्या श्रॉपशर या शेतीप्रधान काउंटीच्या पूर्व भागातील गावांचा समूह. सेव्हर्न नदीच्या घळईत कोलब्रुकडेल व आयर्नब्रिज, नदीच्या दक्षिणेस ब्रोझली, तर उत्तरेच्या उंच भागात मेडली, डॉली, हॉर्सहे व ओकनगेट्स ही त्यांतील प्रमुख गावे. दगडी कोळसा, लोहधातुक, चुनखडी आणि भट्टीच्या विटांना लागणारी माती एकाच टापूत सापडते. शिवाय माल न्यायला नदी जवळच.

कोलब्रुकडेल या नावात कोळसा दिसतो खरा. पण नावाच्या जुन्या रूपांवरून त्याचा मूळ अर्थ बहुधा ‘थंड ओढ्याचे खोरे’ असा असावा. तेथील जुन्या झोतभट्टीच्या (हवेचा झोत देऊन लोखंड गाळण्याच्या भट्टीच्या) वर्षाबद्दलही मतभेद आहे. भट्टीच्या तोंडावरील बिडाच्या तुळईवर आज १६३८ वाचले जाते, मात्र जुन्या छायाचित्रात तिसरा अंक ३ नसून ५ दिसतो. पुढे रंगकाम करताना हा आकडा बदलला असणे शक्य आहे. १६३८ धरल्यास भट्टीचे श्रेय मेडलीचे जमीनदार सर बेझिल ब्रुक (मृत्यू १६४६) यांच्याकडे जाऊ शकते, १६५८ धरल्यास नाही. दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो.

कोक (भाजून घेतलेला दगडी कोळसा) वापरून लोहधातुक वितळवण्याच्या पद्धतीचे जनकत्व हा याहून मोठा वाद. एब्राहम डार्बी (१६७८–१७१७) या ओतकाम करणाऱ्या कारखानदाराने १७०८ मध्ये ही भट्टी भाडेपट्ट्याने घेतली आणि १७०९ मध्ये ती कोकवर पेटवली, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्या वर्षीच्या हिशेबवहीत कोळसा भाजण्याच्या मजुरीची नोंद असल्याने या मताला बळकटी येते. डार्बीच्या सुनेने सहा-सात दशकांनंतर लिहिलेल्या पत्रानुसार, त्याने आधी कच्चा दगडी कोळसा वापरून पाहिला. तो जमला नाही, तेव्हा माल्ट (मोड आणलेले धान्य) वाळवण्यासाठी भाजतात तसा भाजून घेतला. डार्बी तरुणपणी माल्ट दळण्याच्या गिरण्या बनवणाऱ्याकडे उमेदवारीला होता, हे लक्षात घेतल्यास ही हकीकत विश्वसनीय वाटते. डड डडली या आधीच्या लोखंड कारखानदाराने १६६५ मध्ये छापलेल्या ग्रंथात दगडी कोळशावर लोखंड गाळल्याचा दावा केला होता, पण त्याची पद्धत टिकली नाही. कोलब्रुकडेलचा आधीचा भाडेकरू शॅड्रॅक फॉक्स याने असा प्रयत्न केला असावा, हे मतही दुर्लक्षणीय नाही.

डार्बीचे यश बव्हंशी स्थानिक कोळशाचे होते. येथील ‘क्लॉड’ थरात गंधक कमी. कोकवरील लोखंडात सिलिकॉन जास्त उतरते. त्यामुळे रस पातळ वाहतो आणि साच्यात पातळ काठाची भांडी नीट उठतात. मराठी घरातला बिडाचा तवा ज्यांनी हाताळला आहे, त्यांना जाडी कमी होण्याचे मोल सांगायला नको. वाळूच्या साच्यात अशी भांडी ओतण्याचे पेटंट डार्बीने १७०७ मध्येच घेतले होते. घडीव लोखंडासाठी मात्र हेच सिलिकॉन अडचणीचे ठरे. कोकचा प्रसार अर्धशतक रखडला, त्याचे कारण पूर्वी गुप्ततेत शोधत. लाकडी कोळशाच्या तुलनेतील खर्चाचे गणित हे कारण आता अधिक पटते. त्याच नावाच्या मुलाने, म्हणजे दुसऱ्या डार्बीने, १७५५ मध्ये हॉर्सहे येथे भट्टी उभारल्यावर कोकवरचे लोखंड लोहारशाळांकडे जाऊ लागले.

सेव्हर्नवरील लोखंडी पूल हे या कसबाचे फळ. त्याच्या कमानी १७७९ मध्ये उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १७८१ रोजी तो खुला झाला. गाळा सुमारे ३०.६ मी., लोखंड सुमारे ३७८ टन. जवळून पाहिले तर त्याचे सांधे सुताराचे आहेत : लाकडात करतात तशा खाचा, आणि त्यांत ठोकलेल्या पाचरी. लोखंड जोडण्याची वेगळी रीत तेव्हा रुळलेली नव्हती.

खाणकामगारांविषयीची माहिती त्रोटक आहे, आणि याची खंत वाटते. खाणीचे काम ‘चार्टर मास्टर’ नावाचे मुकादम मक्त्याने घेत. मजुरी कापल्यावरून २ फेब्रुवारी १८२१ रोजी सिंडरहिल येथे जमलेल्यांवर घोडदळाने गोळ्या झाडल्या. पुढे टॉमस पेलिन या खाणकामगाराला फाशी झाली. मेडली येथील एका खाणीत १८६४ मध्ये कूपकातून (खाणीच्या उभ्या विवरातून) खाली पडून नऊ जण मेले, त्यांत मुलेही होती. खाणीच्या तोंडाशी मातीतून लोहधातुकाच्या गाठी वेचून काढण्याचे काम मुली करत. त्यांतल्या कित्येक उन्हाळ्यात लंडनभोवतीच्या भाजीमळ्यांत कामाला जात.

एकोणिसाव्या शतकात साउथ वेल्स व ब्लॅक कंट्री या मध्य इंग्लंडमधील औद्योगिक प्रदेशाने या टापूला मागे टाकले. ब्लिस्ट्स हिलच्या भट्ट्या १९१२ मध्ये विझल्या, ग्रॅनव्हिल ही शेवटची मोठी खोल खाण १९७९ मध्ये बंद झाली. १९६३ मध्ये घोषित झालेले डॉली नवनगर १९६८ मध्ये टेलफर्ड नावाने विस्तारले आणि उत्तरेकडची बहुतेक गावे त्यात सामावली गेली. आयर्नब्रिज घळईचा १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.